मुलगा कसा आहे?

स्थळाची चौकशी असो, ऑफिसात नवीन आलेला माणूस असो की शेजारी राहायला आलेलं बिऱ्हाड, मराठीत एक प्रश्न पुरतो: कसा आहे? रंगरूप सांगायचं, स्वभाव सांगायचा की तब्येत, हे उत्तर देणारा आपल्या मनाने ठरवतो आणि 'उंच आहे, सावळा आहे, जरा अबोल आहे, पण सरळ आहे' असं सगळं एका दमात सांगून मोकळा होतो. इंग्रजीत प्रश्नालाच फाटे फुटतात. 'व्हॉट डझ ही लुक लाइक?' म्हणजे दिसायला कसा. 'व्हॉट इज ही लाइक?' म्हणजे माणूस म्हणून कसा. 'हाउ इज ही?' म्हणजे बरा आहे ना. आणि 'व्हॉट डझ ही लाइक?' म्हणजे त्याला आवडतं काय. नेमका दुसरा प्रश्न आला की चांगलं इंग्रजी बोलणारेही 'ही लाइक्स क्रिकेट' म्हणून जातात, कारण कानाने फक्त 'लाइक' पकडलेलं असतं.

या गोंधळात भर घालायला 'पर्सनॅलिटी' आहेच. 'काय पर्सनॅलिटी आहे!' हे मराठीत आपण रुंद खांदे, उंचीपुरी देहयष्टी आणि भारदस्त आवाज पाहून म्हणतो. त्या माणसाशी दोन वाक्यंही बोललेलो नसतो. इंग्रजीत 'ही हॅज अ ग्रेट पर्सनॅलिटी' हे स्वभावाबद्दलचं विधान आहे. त्यातही कुणी 'मुलगी दिसायला कशी आहे?' असं विचारलं असताना 'शी हॅज अ ग्रेट पर्सनॅलिटी' हे उत्तर दिलं, तर ऐकणारा मनात म्हणतो, म्हणजे दिसायला बेतास बात. रुबाबदार देहासाठी इंग्रजीत 'वेल-बिल्ट', 'इम्पोझिंग' किंवा 'ही हॅज प्रेझेन्स' असं म्हणतात.

माणसाचं वर्णन करायला आपल्याकडे इंग्रजी शब्द कमी पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. म्हणून मग याद्या पाठ होतात: डावीकडे इंग्रजी विशेषण, उजवीकडे मराठी अर्थ. खरं तर या याद्यांचा उपयोग फार थोडा. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये वेबस्टरचा मोठा कोश चाळून माणसाच्या वागण्या-स्वभावाचे वेगळेपण दाखवणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. त्यातले टिकाऊ स्वभावगुण सांगणारे साधारण साडेचार हजार होते. पुढच्या संशोधकांनी ही गर्दी उपसत उपसत पाच मोठ्या गटांपर्यंत आणली: नव्याची ओढ, कामातली शिस्त, बहिर्मुखता, मिळून-मिसळून वागणं आणि मनाची अस्थिरता. तेव्हा शंभर शब्द पाठ केल्याने साडेचार हजारांचा डोंगर संपत नाही, आणि रोजच्या बोलण्यात शंभर लागतही नाहीत. लागतं ते वेगळंच. एकेक शब्द कुणाच्या बाजूचा आहे, कुणाबद्दल वापरतात, कोणत्या क्रियापदाला चिकटतो, हे ठाऊक हवं. यादीच्या उजव्या रकान्यात नेमकं तेवढंच लिहिलेलं नसतं.

आधी दिसण्याचं बघू. वर्तमानपत्रात किंवा पोलीस ठाण्याच्या फलकावर बेपत्ता व्यक्तीचं निवेदन येतं, त्याचा साचा आपल्या ओळखीचा आहे: उंची पाच फूट चार इंच, बांधा सडपातळ, रंग सावळा, नाक सरळ, चेहरा उभट, केस काळे, अंगात निळा शर्ट, भाषा मराठी व हिंदी. इंग्रजीत हाच क्रम चालतो, पण मराठीत या सगळ्याला क्रियापद लागत नाही आणि इंग्रजीत तीन वेगवेगळी लागतात. वय, उंची आणि बांधा यांना 'इज': 'ही इज इन हिज फॉर्टीज, ॲव्हरेज हाइट, स्लिम'. शरीराला जे जोडलेलं आहे त्याला 'हॅज': केस, दाढी, व्रण, खळी. जे काढता-घालता येतं त्याला 'वेअर्स': चष्मा, टोपी, कानातली भिकबाळीसुद्धा. 'शी इज हॅविंग लाँग हेअर्स' या आपल्याकडच्या लाडक्या वाक्यात दोन चुका आहेत. 'हॅविंग' हे जेवण, आंघोळ, बाळंतपण अशा चालू असलेल्या गोष्टींना लागतं, केसांना नाही. आणि 'हेअर्स' म्हणजे मोजता येतील असे सुटे केस. भातात दोन निघाले तर 'टू हेअर्स'. डोक्यावरचं सगळं मिळून एकवचनी 'हेअर'.

विशेषणांच्या क्रमाबाबत मराठी सैल आहे. 'लांब काळेभोर केस' आणि 'काळेभोर लांब केस' दोन्ही चालतात. इंग्रजीत आधी आपलं मत, मग लांबी, मग कुरळे की सरळ, शेवटी रंग: 'लव्हली लाँग कर्ली ब्लॅक हेअर'. 'ब्लॅक लाँग हेअर' म्हटलं तर अर्थ कळतो, पण कानाला खडा लागतो. ही चार क्रम दाखवण्यापुरती; एरवी तीनपेक्षा जास्त विशेषणं एका नामापुढे ओळीने उभी करू नयेत. उरलेलं 'विथ'ने मागे जोडावं: 'अ टॉल वुमन विथ शॉर्ट ग्रे हेअर अँड अ मोल ऑन हर चिन'. कपड्यांना मात्र 'इन': 'द मॅन इन द व्हाइट कुर्ता'. विमानतळावर कुणाला आणायला पाठवताना एवढी दोन अव्ययं नीट वापरली तरी काम भागतं. उंचीचंही तसंच: माणूस, झाड, इमारत 'टॉल', डोंगर, भिंत 'हाय'. 'हिज हाइट इज गुड' हे तर आपलं घरगुती इंग्रजी झालं, तिकडे नुसतं 'ही इज टॉल' म्हणतात.

चेहऱ्याच्या बाबतीत शब्दांवर फार भिस्त ठेवू नये. १९९० मध्ये जोनाथन स्कूलर आणि टोन्या एंग्स्लर-स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चित्रफितीत पाहिलेल्या दरोडेखोराच्या चेहऱ्याचं ज्यांनी शब्दांत सविस्तर वर्णन लिहून काढलं, त्यांना नंतर तो चेहरा ओळखणं न लिहिणाऱ्यांपेक्षा जड गेलं. नाक कसं, जिवणी कशी याच्या शोधात बसण्यापेक्षा चालण्याची ढब, चष्म्याची चौकट, केसांचा भांग सांगितला तर समोरच्याला माणूस लवकर सापडतो.

रंगाचे शब्द हा सगळ्यात निसरडा भाग. 'फेअर', 'व्हीटिश', 'डस्की' ही आपल्या विवाहविषयक जाहिरातींची त्रिसूत्री. त्यातलं 'व्हीटिश' म्हणजे आपला गव्हाळ; भारताबाहेर सहसा कुणाला कळत नाही. 'फेअर' कळतं, पण इंग्लंडमध्ये त्यात केसांचा रंगही येतो. 'फेअर-हेअर्ड' म्हणजे पिवळसर सोनेरी केसांचा. याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत 'अ डार्क यंग मॅन' असा नायक येतो, तेव्हा मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सावळा तरुण उभा राहतो. लेखकाच्या मनात असतो तो काळ्या केसांचा आणि काळ्या डोळ्यांचा गोरा माणूस. 'टॉल, डार्क अँड हँडसम' मधला 'डार्क' हाच. शिवाय आपण ज्यांना काळेभोर डोळे म्हणतो, ते इंग्रजीत 'डार्क ब्राउन' किंवा नुसते 'डार्क आइज'. 'ही हॅज अ ब्लॅक आय' म्हणजे कुणीतरी ठोसा लगावल्याने डोळ्याभोवती काळंनिळं झालं आहे. लाडक्या भाचीचं वर्णन करताना हे लक्षात ठेवलेलं बरं. उलट आपले 'घारे' डोळे इंग्रजीत विभागले जातात: फिका तपकिरी, हेझल, ग्रे, ग्रीन. आपल्याला एक शब्द पुरतो, तिथे निवड करावी लागते.

त्वचेचा रंग सांगायची गरज आहे का, हा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्या समाजात आधी येतो. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं आणि शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली. आपल्या जाहिरातींत 'गोरी' अजून आहेच. परदेशातल्या ऑफिसात सहकाऱ्याची ओळख करून देताना 'शी इज फेअर' हे स्तुती म्हणून बोललात, तर ती स्तुती ठरत नाही. अर्थ लागलाच तर 'ती न्यायाने वागते' असा लागेल.

अंगकाठीच्या शब्दांत मराठी इतकी श्रीमंत आहे, की इंग्रजीशी जोड्या लावण्यात मजा येते. सडपातळ म्हणजे स्लिम, शेलाटी म्हणजे स्लेंडर, लुकडा म्हणजे स्किनी, किडकिडीत म्हणजे स्क्रॉनी, उंचाडा म्हणजे लँकी. दिसायला बारीक पण दणकट असा जो काटक, त्याला 'वायरी' हा शब्द अगदी चपखल बसतो. आजाराने गाल बसलेला, रोडावलेला माणूस 'गॉन्ट'. नुसतं 'थिन' हे तटस्थ; त्यात कौतुक नाही आणि कुचेष्टाही नाही. 'स्लिम' कौतुकाचं, 'स्किनी' बहुधा नाक मुरडून. दुसऱ्या टोकाला गुटगुटीत बाळ 'चबी', पण तोच शब्द चाळिशीच्या बाईला लावला तर ती पुन्हा बोलणार नाही. धिप्पाड म्हणजे बर्ली किंवा हेफ्टी, बुटका आणि भरीव म्हणजे स्टॉकी. लठ्ठ माणसाला तोंडावर 'फॅट' म्हणायची सोय नाही. 'बिग', 'हेवी', 'अ बिट ओव्हरवेट' असं वळसा घालून बोलतात. 'ओबीस' हा डॉक्टरांचा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २५ पासून ओव्हरवेट आणि ३० पासून ओबीस. गप्पांत हा शब्द वापरू नये. आपल्याकडे जाड माणसाला 'हेल्दी' म्हणतात, 'तब्येत सुधारली' म्हणतात तसं. इंग्रजीत 'हेल्दी' म्हणजे खरोखरच निरोगी, आणि 'यू आर लुकिंग हेल्दी' ऐकून तो बापडा आभार मानेल.

टकलाबद्दल एक जपून ठेवायची गोष्ट. 'बॉल्ड' म्हणजे टक्कल पडलेला, 'बोल्ड' म्हणजे धीट. आपल्या उच्चारात दोन्ही एकच होतात, त्यात क्रिकेटमधला त्रिफळाचीत 'बोल्ड' वेगळाच, आणि मराठी सिनेपत्रकारितेने 'बोल्ड'ला जो अर्थ दिला आहे तो आणखी वेगळा. साहेबांना टक्कल पडू लागलं आहे एवढंच सांगायचं तर 'गोइंग बॉल्ड' किंवा 'हिज हेअर इज थिनिंग' म्हणावं आणि 'ऑ' स्पष्ट उच्चारावा.

स्वभावाचे शब्द याहून अवघड, कारण ते बोलणाऱ्याचीही बाजू सांगतात. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात हे एका क्रियापदासारखं चालवून दाखवलं होतं: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो तर डुकरासारखा आडमुठा मूर्ख आहे. इंग्रजीत फर्म, ऑब्स्टिनेट, पिग-हेडेड. वागणं तिघांचं एकच. अशा साखळ्या करून शब्द लक्षात ठेवले तर ते नीट बसतात. काटकसरी, चिकट, कवडीचुंबक: थ्रिफ्टी, स्टिंजी, मायझर्ली. चौकस, भोचक: क्युरिअस, नोझी. स्पष्टवक्ता, फटकळ: फ्रँक, ब्लंट. हुशार, धूर्त, बेरकी: क्लेव्हर, श्रूड, क्रॅफ्टी. आत्मविश्वासाचा, आगाऊ: कॉन्फिडंट, कॉकी. मराठी माणसाला या पायऱ्या माहीत असतातच. तो 'भोचक' हा शब्द कधीच चुकीच्या जागी वापरत नाही. इंग्रजीत मात्र वहीत 'क्युरिअस' आणि 'नोझी' दोन्हींपुढे 'जिज्ञासू' लिहिलेलं असतं आणि घोटाळा होतो.

काही शब्द आपल्याकडे येऊन इतके मराठी झाले आहेत, की परत इंग्रजीत नेताना अडचण होते. 'सिंपल' हा त्यातला पहिला. 'शी इज व्हेरी सिंपल' म्हणजे साधी, कसलाही डामडौल नसलेली, असं आपल्याला म्हणायचं असतं. इंग्रजीत माणसाला 'सिंपल' म्हणणं म्हणजे बुद्धीने कमी म्हणणं. तिथे 'डाउन-टु-अर्थ' किंवा 'अनअझ्युमिंग' हवं. 'होमली' हा दुसरा. आपल्या जाहिरातीत तो घर सांभाळणारी, घरात रमणारी या अर्थी असतो; अमेरिकेत 'होमली' म्हणजे दिसायला सुमार. अमेरिकेतल्या स्थळासाठी माहितीपत्रक करणाऱ्या आईवडिलांनी तो शब्द खोडूनच टाकावा. 'स्मार्ट' अमेरिकेत हुशार, इंग्लंडमध्ये बरेचदा टापटीप पोशाखाचा, आपल्याकडे दिसायला छान. 'फ्री' म्हणजे आपल्याकडे मोकळ्या स्वभावाचा. तिकडे 'ही इज फ्री' म्हणजे त्याला सध्या काम नाही. 'इनोसंट' प्रौढ माणसाला लावलं की कोर्टातला निर्दोष आठवतो. भोळ्याला 'नाईव्ह', आणि तो शब्द कौतुकाचा नाही. 'सेन्सिबल' म्हणजे समंजस, 'सेन्सिटिव्ह' म्हणजे हळवा. ही अदलाबदल तर दर मुलाखतीत होते. 'माय नेचर इज जॉली' याबद्दल काय बोलावं! 'नेचर' म्हणजे आधी झाडंझुडपं, आणि 'जॉली' नाताळच्या म्हाताऱ्यासाठी राखून ठेवलेला. 'आय ॲम ईझी-गोइंग' एवढं पुरे.

आणखी एक बारकावा क्रियापदात लपलेला आहे. 'ही इज रूड' म्हणजे तो उद्धट आहे, कायमचा. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता उद्धटपणा करतोय, एरवी बरा असेल. आपण मराठीत 'आहे' आणि 'करतोय' असा भेद सहज करतो, इंग्रजीत तो 'बीइंग'ने होतो. भांडण मिटवताना हा फरक कामाला येतो. ज्यावर माणसाचा ताबा नाही तिथे 'बीइंग' लागत नाही. कुणी 'बीइंग टॉल' नसतं.

दोष सांगण्याची इंग्रजांची पद्धत आपल्या 'तसा चांगला आहे' मधल्या 'तसा'सारखी आहे. 'अ बिट लेझी', 'नॉट व्हेरी ऑर्गनाइझ्ड', 'ही कॅन बी डिफिकल्ट', 'शी टेंड्स टु वरी'. 'कॅन बी' म्हणजे कधीकधी. 'टेंड्स टु' म्हणजे कल आहे. 'अ बिट' बहुधा दोषालाच लागतं. 'अ बिट लेझी' बरोबर, 'अ बिट इंटेलिजंट' चूक, आणि ते बोललं तर टोमणा वाटेल. ब्रिटिश माणूस कुणाबद्दल 'नॉट द ईझिएस्ट पर्सन टु वर्क विथ' म्हणाला, तर त्याला म्हणायचं असतं की त्याच्यासोबत काम करणं अशक्य आहे.

शब्द कोणते, एवढंच पुरेसं असतं तर बरं झालं असतं. त्यांचा क्रमही बोलतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये काही लोकांना एका माणसाचे गुण वाचून दाखवले: बुद्धिमान, उद्योगी, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला तीच यादी उलट्या क्रमाने. पहिल्या गटाला तो माणूस कर्तबगार पण काही उणिवा असलेला वाटला, दुसऱ्याला दोषांनी झाकोळलेला. त्याच अभ्यासात एका यादीतला फक्त 'वॉर्म' हा शब्द बदलून 'कोल्ड' केला, तर सगळं चित्रच पालटलं. 'स्ट्रिक्ट बट फेअर' आणि 'फेअर बट स्ट्रिक्ट' यांतही फरक क्रमाचाच आहे, फक्त उलट दिशेने. मध्ये 'बट' आला की त्यानंतरचं लक्षात राहतं.

परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा म्हणजे आयईएलटीएस; तिच्या बोलण्याच्या भागात हे सगळं एका झटक्यात लागतं. 'तुम्हाला आवडणाऱ्या एका व्यक्तीचं वर्णन करा' अशा धर्तीचं कार्ड हातात येतं, तयारीला एक मिनिट, बोलायला एक ते दोन मिनिटं. शब्दसंपत्ती हा गुणांच्या चार निकषांपैकी एक, म्हणून मुलं त्या एका मिनिटात जड विशेषणं आठवत बसतात. त्यापेक्षा कागदावर चार गोष्टी टिपाव्यात: दिसण्यातल्या दोन खुणा, स्वभावाचा एक शब्द, त्या शब्दाला पुरावा म्हणून एक प्रसंग, आणि त्या माणसाचा एक छोटा दोष. 'माय आँट इज व्हेरी जनरस' यावर थांबलं तर वाक्य पोकळ राहतं. दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही ती चहा घेतल्याशिवाय सोडत नाही, हे पुढे आलं की 'जनरस' खरा वाटतो. दोष सांगताना वरचं 'कॅन बी' वापरलं की व्याकरणाचीही विविधता दिसते. आणि 'ब्युटिफुल', 'गुड', 'नाइस' हे तीन शब्द त्या दोन मिनिटांपुरते विसरावेत.

हाच हिशेब शिफारसपत्रात लागतो, आणि तिथे नुकसान मोठं होतं. परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आपल्याकडचे प्राध्यापक मनापासून लिहितात: 'शी इज सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबीडियंट अँड पंक्च्युअल'. आपल्या दृष्टीने हे चारही गुण उत्तम विद्यार्थिनीचे. अमेरिकेतल्या प्रवेश समितीला 'ओबीडियंट' वाचून लहान मूल किंवा कुत्रा आठवतो. 'पंक्च्युअल' म्हणजे वेळेवर येते, एवढंच, आणि 'हार्डवर्किंग' एकटं आलं तर वाटतं, राबते पण चमक नाही. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या संशोधकांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाकडे आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली. स्त्रियांची पत्रं आखूड होती आणि त्यांत असे कष्टाळूपणाचे शब्द जास्त होते. म्हणजे विद्यार्थिनीचं पत्र लिहिताना तर दुप्पट सावध राहायला हवं.

'ओबीडियंट' काढावं, त्याऐवजी 'टेक्स फीडबॅक वेल' म्हणता येतं. 'हार्डवर्किंग'च्या जागी तिने काय केलं ते लिहावं: 'शी रीबिल्ट द एक्स्परिमेंट फ्रॉम स्क्रॅच व्हेन द सेन्सर फेल्ड'. 'इंटेलिजंट' असेल तर 'द मोस्ट ओरिजिनल थिंकर इन अ क्लास ऑफ सिक्स्टी', अर्थात ते खरं असेल तरच. आणि पत्राची पहिली ओळ 'शी इज अ गुड स्टुडंट' अशी असेल, तर खाली कितीही चांगलं लिहिलं तरी वाचणारा मनाशी ठरवून मोकळा झालेला असतो. ती ओळ सगळ्यात शेवटी, बाकीचं पत्र पुरं झाल्यावर, पुन्हा लिहायला घ्यावी.